बेस्ट म्हणजे नेमकं किती चांगलं?

मानेवाड्याचे मास्तर

नमस्कार मंडळी,

गुड-बेटर-बेस्ट तिसरीतल्या पोरालाही पाठ असतं. घोळ त्याच्यापुढे सुरू होतो. माझ्या इंग्रजीच्या क्लासला बँक, रेल्वे, पोलीस भरती अशा परीक्षांची तयारी करणारे पोट्टे येतात. हुशार आहेत, पण वाक्यात बेस्ट दिसला रे दिसला की 'सर्वोत्तम' लिहून मोकळे होतात. मग वह्यांमध्ये रत्नं सापडतात.

'ॲट बेस्ट ही विल गेट फोर्टी मार्क्स' याचं झालं 'सर्वोत्तमपणे त्याला चाळीस गुण मिळतील'. अरे, त्या बिचाऱ्याला फार तर फार चाळीस मिळणार, तेही सगळं जुळून आलं तर. त्यात उत्तम काय आहे?

'इट टुक द बेस्ट पार्ट ऑफ ॲन अवर' याचं झालं 'तासाचा सर्वोत्तम भाग लागला'. प्रत्यक्षात बोलणारा माणूस रांगेत उभा राहून कावला आहे आणि जवळजवळ तास गेला म्हणून सांगतो आहे.

'यू हॅड बेस्ट लीव्ह नाऊ' मध्ये तर हॅड पाहून पोट्टे थेट भूतकाळात गेले. याचा अर्थ 'तू आता निघालेलं बरं', आणि त्यात बारीकसा दमही आहे.

माझं मत असं की बेस्ट हा शब्द आपण समजतो तितका एकटा उभा राहत नाही. त्याला आधी शर्यत लागते. कोणाकोणात, कशाच्या जोरावर, कधीपर्यंत, एवढं कळलं की त्याचा अर्थ लागतो. 'ॲट बेस्ट' मध्ये शर्यत शक्यतांची आहे. सगळ्यांत बरी शक्यता धरली तरी चाळीस, बाकीच्या शक्यता त्याहून वाईट. म्हणून चांगल्या शब्दातून निराशा ऐकू येते. 'हॅड बेस्ट' मध्ये शर्यत पर्यायांची आहे. 'डू युवर बेस्ट' मध्ये शर्यत तुमची तुमच्याशीच, म्हणून त्याचं मराठी 'होईल तितकं कर' असं होतं, 'सर्वोत्तम कर' नाही.

'बेस्ट पार्ट'चं कोडं तर मराठीतच सुटतं. आपण म्हणतोच ना, 'चांगले दोन तास बसवून ठेवलं'? त्या दोन तासांत चांगलं काही झालेलं नसतं. चांगला म्हणजे भरपूर, भरगच्च. इंग्रजीतही 'अ गुड डील', 'अ गुड अवर' असं म्हणतात. गुड म्हणजे भरपूर, तर बेस्ट म्हणजे बहुतेक सगळा. सरळ हिशोब आहे.

तुमच्या कामाधंद्यात हा शब्द कसा येतो ते लिहा. क्लासमध्ये वापरीन.

तर्रीबाज

मास्तर, आपल्या नागपुरात बेस्टचा जीव कधीचाच गेला. बर्डीवर उभं राहून कोनालेही विचारा, पोहे कुठचे चांगले? एक म्हनते कोपऱ्यावरचे बेस्ट. दुसरा म्हनते त्याच्या बाजूचे बी बेस्ट. आता सगळ्यात चांगले दोघं कसे होतीन? आमच्यात बेस्ट म्हंजे पास. त्याच्यावर 'एकदम बेस्ट'. त्याच्यावर 'एक नंबर'. न एक नंबरचे बी चार ठेले असते.

अनुस्वार

तर्रीबाज, 'सगळ्यांत', अनुस्वारासह. सगळे अनेक आहेत, म्हणून 'सगळ्यांत', 'सर्वांत'. मास्तरांनी बरोबर लिहिलंय, डोळे निवले.

आता मुद्द्याचं. मराठीला स्वतःचा तमभावाचा, म्हणजे 'सर्वांत' दाखवणारा, प्रत्यय नाहीच. आपण 'सर्वांत', 'सगळ्यांत' लावून काम भागवतो, नाहीतर संस्कृतकडून उसनं आणतो. संस्कृतात दोन जोड्या आहेत. एक तर-तम, जिच्यातून लघुतम, महत्तम आले आणि शाळेत लसावि-मसावि होऊन आपल्या मानगुटीवर बसले. दुसरी ईयस्-इष्ठ. ही दुसरी जोडी इथे महत्त्वाची, कारण बेस्टमधला शेवटचा 'स्ट' आणि श्रेष्ठमधला 'ष्ठ' हे एकाच मूळ प्रत्ययाचे वंशज आहेत. स्वादु पासून स्वादिष्ठ आणि स्वीट पासून स्वीटेस्ट, हे तर धातूसकट जुळे आहेत. आपण मराठीत ते 'स्वादिष्ट' असं लिहितो आणि अर्थ नुसता 'चविष्ट' असा घेतो. म्हणजे 'सर्वांत गोड' घसरून 'बरं लागतंय' वर आलं. तर्रीबाज ज्याला बेस्टचा जीव जाणं म्हणतात ते काही नागपुरातच झालेलं नाही.

दुसरी गंमत, गुडचा बेस्टशी रक्ताचा संबंध नाही. गुड हा गॅदर, टुगेदर यांच्या कुळातला मानतात, जुळणारा, साजेसा या अर्थाचा. बेटर-बेस्ट वेगळ्या घरातले, त्यांचा भाऊबंद म्हणजे 'टु बूट' मधला बूट, फायदा किंवा उपाय या अर्थाचा. पायातल्या बुटाशी त्याचं काही नातं नाही. जुन्या इंग्रजीत शब्द 'बेट्स्ट' असा होता, मधला 'ट्' जिभेवरून घसरला. असे परक्या घरातून आणलेले तर-तम आपल्याकडेही आहेत. पाणिनीने त्यासाठी सूत्रच दिलंय, 'प्रशस्यस्य श्रः'. शब्द प्रशस्य, पण तुलनेला गेला की श्रेयस्, श्रेष्ठ. तसंच युवन् आणि अल्प यांच्यासाठी कनीयस्, कनिष्ठ. मराठीत क्रियापदात हे रोज करतो, 'जातो' पण 'गेला'. कुणाला खटकत नाही.

तर्रीबाज

थांबा थांबा. श्रेष्ठ म्हंजेच सगळ्यांत (घ्या अनुस्वार) चांगला, त मंग 'सर्वश्रेष्ठ' काय आहे? डबल तर्री?

अनुस्वार

डबल तर्रीच. शब्द झिजला की लोक वरून आणखी घालतात. उत्तम हाही मुळात तमभावच, उद् म्हणजे वर, उत्तम म्हणजे सर्वांत वरचा. त्याचं सर्वोत्तम झालं, अत्युत्तम झालं. सरकारी कचेरीत बघा. कनिष्ठ म्हणजे सर्वांत लहान, पण कनिष्ठ लिपिकाच्या खाली शिपाई असतोच. वरिष्ठ म्हणजे सर्वांत वरचा, पण वरिष्ठ लिपिकाला वरिष्ठ असतातच, आणि त्या वरिष्ठांनाही. तमभाव जाऊन नुसती पायरी उरली.

इतवारीवाली

आमचं मिठाईचं दुकान आहे, त्यामुळे हा शब्द आमच्या काउंटरवरच ठेवलेला आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेपुढे 'बेस्ट बिफोर' तारीख लावायची, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, आदेश आला. तोवर तारीख फक्त बंद डब्यावर. आदेश आला तेव्हा गिऱ्हाईक पाटी वाचून विचारायचं, 'ताई, उद्यापर्यंत बेस्ट, म्हणजे परवा विष होते का हे?'

नाही होत. 'बेस्ट बिफोर' चव, वास, मऊपणा यांच्याबद्दल बोलतं. त्या दिवसापर्यंत माल जसा असायला हवा तसा राहील, एवढंच बनवणारा म्हणतो. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' वेगळी, ती उलटली की खायचं नाही, विषय संपला. पाकीटबंद मालासाठी २०२० च्या लेबलच्या नियमांत एक्स्पायरी किंवा यूज बाय छापणं सक्तीचं आहे, 'बेस्ट बिफोर' हवं तर जास्तीची माहिती म्हणून छापता येतं. लोक दोन्ही एकच समजतात. कुणी चांगला माल फेकतं, कुणी दुसऱ्या टोकाला जाऊन एक्स्पायरीलाही 'काही नाही होत बाप्पा' म्हणतं. दुसरे जास्त त्रासदायक.

आणि मिठाईमिठाईत फरक आहे. संत्रा बर्फीत फळाचा गर, त्यात खवा. तिचा बेस्ट लवकर संपतो. सोनपापडीचा संपतच नाही, दिवाळीत एका घरून दुसऱ्या घरी फिरत राहते.

मास्तरांच्या भाषेत इथे शर्यत कोणाची? मालाची स्वतःशीच. ताजा असतानाची संत्रा बर्फी आणि शिळी संत्रा बर्फी.

मानेवाड्याचे मास्तर

ताई, पाटीवर मराठीत काय लिहिता?

इतवारीवाली

'या तारखेपर्यंत खावे.' इंग्रजीपेक्षा कडक आहे, पण भांडण होत नाही.

जामठा_एंड

क्रिकेटवाल्यांना विचारा बेस्ट म्हणजे काय. आमच्याकडे नियम लिहिलेला आहे. 'बेस्ट बोलिंग' मध्ये आधी बळी मोजतात, बळी सारखे असतील तर कमी धावा. बस. म्हणून ८ बळी २१५ धावा ही कामगिरी ७ बळी १० धावांपेक्षा 'बेस्ट' ठरते.

आकडा मी हवेतून नाही काढला. नोव्हेंबर २००८, आपलं जामठ्याचं स्टेडियम, तिथली पहिलीच कसोटी, गांगुलीची शेवटची. ऑस्ट्रेलियाचा ऑफस्पिनर जेसन क्रेझा पदार्पण करत होता. पहिल्या डावात ८ बळी, धावा २१५. दुसऱ्यात ४ बळी, १४३. सामन्यात १२ बळी आणि ३५८ धावा. ऑस्ट्रेलिया १७२ धावांनी हरली, सामनावीर क्रेझा. त्यानंतर तो आणखी एकच कसोटी खेळला. त्याच्या नावापुढे 'करिअर बेस्ट ८-२१५' कायमचं आहे. आता हा बेस्ट पाहून हसायचं की टाळ्या वाजवायच्या? मी टाळ्या वाजवीन. समोर सेहवाग, सचिन, द्रविड, लक्ष्मण, धोनी होते, आणि हा पोरगा मार खात खात टाकत राहिला.

दुसरं उदाहरणही जामठ्याचंच. १० नोव्हेंबर २०१९, बांगलादेशाविरुद्ध दीपक चहर, ३.२ षटकं, ७ धावा, ६ बळी, वर हॅटट्रिक. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० मधली तोपर्यंतची सर्वोत्तम कामगिरी. आधीचा विक्रम श्रीलंकेच्या अजंता मेंडिसचा, ६ बळी ८ धावा, म्हणजे एका धावेने मोडला. मग २०२१ मध्ये नायजेरियाच्या पीटर आहोने ५ धावांत ६ घेतले, २०२३ मध्ये मलेशियाच्या स्याझरुल इद्रुसने ८ धावांत ७. मास्तरांचं 'कधीपर्यंत' आलं ना इथे? चहरचा बेस्ट खोटा पडला नाही, त्याची तारीख उलटली. (इतवारीवाली ताई, तुमचीच पाटी.)

आणि कुणी म्हणेल, चहरसमोर बांगलादेश होता, त्या दोघांसमोर कोण होतं? बरोबर. पण विक्रमाचं पुस्तक समोर कोण होतं ते पाहत नाही. तो नियमच नाही.

पार्ल्याची पाहुणी

माहेर धरमपेठ, सासर पार्ले. मला बेस्ट म्हटलं की लाल बसच दिसते. तिचं नाव मुळात विशेषण नाही, आद्याक्षरं आहेत. १९०५ मध्ये 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' कंपनी आली. १९४७ मध्ये ती महापालिकेने घेतली आणि 'टी'चा अर्थ ट्रामवेजऐवजी ट्रान्सपोर्ट झाला. १९९५ मध्ये 'बी' बॉम्बेऐवजी बृहन्मुंबईचा झाला. आतली माणसं बदलली, दारावरची पाटी तीच. ट्राम १९६४ मध्ये बंद पडली, पण 'टी'ला काही फरक पडला नाही.

तर्रीबाज

तुमची बेस्ट, आमची नागपूरची 'आपली बस'. आम्ही नाव ठेवतानीच खरं बोललो. चांगली हाय का वाईट, ते नाही सांगत. आपली हाय.

मिहानी

मिहानमध्ये आयटीत आहे, अमेरिकन क्लायंट. त्यांच्या मेलच्या शेवटी नुसतं 'बेस्ट' असतं, स्वल्पविराम आणि खाली नाव. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलीला वाटलं, काम आवडलं. हे 'बेस्ट रिगार्ड्स' किंवा 'बेस्ट विशेस' चं शेपूट आहे. वरच्या परिच्छेदात झाप झाप झापलेलं असलं तरी खाली 'बेस्ट' असतंच. तिथे त्याचा अर्थ जवळपास शून्य आहे. आपल्या पत्रातल्या 'कळावे' सारखा.

पण मला लिहायचं होतं ते वेगळं. नेटवर्किंगमध्ये 'बेस्ट एफर्ट' अशी संज्ञा आहे. इंटरनेट प्रोटोकॉल माहितीची छोटी पाकिटं 'बेस्ट एफर्ट' पद्धतीने पोचवतो असं म्हणतात. ऐकायला वाटतं, जिवाचं रान करतोय. अर्थ नेमका उलटा: पोचलं तर पोचलं, वाटेत हरवलं तर कळवणार नाही, क्रम चुकला तर जबाबदारी नाही. हमी हवी असेल तर वरच्या थरात टीसीपी हा दुसरा प्रोटोकॉल बसवा, तो पोच घेतो, हरवलेलं पुन्हा पाठवतो. म्हणजे आमच्या धंद्यात 'बेस्ट एफर्ट' म्हणजे 'हमी नाही' याचं सभ्य रूप.

धंतोली_सीए

मिहानी, मजा बघा. करारात हाच शब्दप्रयोग आला तर वकील घाबरतो. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत 'बेस्ट एंडेव्हर्स' (एंडेव्हर्स म्हणजे एफर्टच, प्रयत्न) हे 'रीझनेबल एंडेव्हर्स' पेक्षा जड बंधन समजतात. तुम्ही बेस्ट लिहून दिलंत तर हात राखून चालत नाही, स्वतःला थोडी तोशीस लागली तरी शक्य ते सगळं करायला हवं. म्हणून सल्ला देताना आम्ही अशिलाला सांगतो, सहीआधी तो बेस्ट खोडा आणि रीझनेबल घाला. एका मजल्यावरचे इंजिनिअर बेस्ट म्हणजे बेभरवसा समजतात, वरच्या मजल्यावरचे वकील बेस्ट म्हणजे गळ्याशी फास.

आणि आयकराचं बेस्ट ऐका. 'बेस्ट जजमेंट असेसमेंट', १९६१ च्या जुन्या आयकर कायद्यातलं कलम १४४. विवरणपत्र भरलं नाही, नोटिशीला उत्तर दिलं नाही, की अधिकारी हाताशी असलेल्या माहितीवरून स्वतःच तुमचं उत्पन्न ठरवतो. मनाला येईल तो आकडा टाकता येत नाही, आधार लागतो, तुम्हाला म्हणणं मांडायची संधीही द्यावी लागते. पण जो माणूस नोटीस देव्हाऱ्यामागे खोचून ठेवतो तो संधीला कशाला येतो? मग आदेश येतो आणि तो ऑफिसात येऊन विचारतो, 'साहेब, यात बेस्ट काय आहे?' त्याच्यासाठी काहीच नाही. इथे बेस्ट हे अधिकाऱ्याच्या अंदाजाला लावलंय, करदात्याच्या नशिबाला नाही.

मानेवाड्याचे मास्तर

सीए साहेब, मिहानी, तुम्ही दोघांनी माझं काम सोपं केलं. एकाच शब्दाचे दोन टोकांचे अर्थ का, तर शर्यत वेगळी आहे. नेटवर्कवाला म्हणतो, 'त्या क्षणी जमेल त्यातलं बेस्ट', आणि त्या क्षणी शून्य जमत असेल तर शून्यच बेस्ट. वकील म्हणतो, 'तुझ्या अंगात जे जे आहे त्यातलं बेस्ट', आणि अंगात बरंच असतं.

काळ्या_फळ्यावरून

निवृत्त शिक्षिका. दहावीचं 'बेस्ट फाइव्ह' कुणालाच आठवलं नाही? राज्य मंडळात विषय सहा, टक्केवारी सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवरून. २०१० मध्ये हे आलं तेव्हा दुसऱ्या बोर्डांचे पालक न्यायालयात गेले, उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, सर्वोच्च न्यायालयात ते टिकलं. तेव्हा घराघरात हाच प्रश्न होता: पोराचा सहावा विषय गेला कुठे?

माझं मत तेव्हाही हेच होतं. गणिताला घाबरणाऱ्या पोरांना श्वास घेता आला, हे चांगलं झालं. पण 'गणित बेस्ट फाइव्हमध्ये नकोच' असं नववीतच ठरवून टाकणारे पालक पाहिले, ते काही पटलं नाही. बेस्ट आधी ठरवायचा नसतो, निकालानंतर निवडायचा असतो.

सदरकर

आमच्या चर्चमध्ये लग्नात 'बेस्ट मॅन' असतो. नवरदेवाशेजारी उभा, अंगठ्या त्याच्या खिशात, नंतर जेवणाच्या वेळी भाषण त्याचं. बहुतेक वेळा भाऊ किंवा जिवलग मित्र. आमच्या शेजारच्या काकू दरवेळी विचारतात, 'सगळ्यांत चांगला माणूस हा, मग पोरगी त्या दुसऱ्याला काऊन दिली?'

तर्रीबाज

काकूईले माझा नमस्कार सांगा.

नवीन_सभासद_गोंदिया

धागा वाचनखूण केला. मास्तर, परीक्षेच्या दृष्टीने विचारतो. 'द' कधी लावायचा? आणि हिंदीतलं बेहतर म्हणजे बेटरच ना? आमच्या सरांनी दोन्ही एकच म्हणून सांगितलं होतं.

मानेवाड्याचे मास्तर

पहिलं मी घेतो. बेस्ट नामाआधी विशेषण म्हणून आला तर 'द': 'द बेस्ट प्लेअर'. पण माय, हिज, नागपूर्स असं काही आधीच बसलं असेल तर 'द'ला जागा नाही: 'माय बेस्ट फ्रेंड'. बेस्ट क्रियाविशेषण असेल, म्हणजे गुडचा नाही तर वेलचा तमभाव, तर 'द' नसला तरी चालतं: 'आय लाइक मँगो बेस्ट'.

सापळे तीन, आणि पेपरवाले त्यावरच जगतात. 'वन ऑफ द बेस्ट' नंतर नाम अनेकवचनी: 'प्लेअर्स', 'प्लेअर' नव्हे. त्याचं रूपांतर विचारलं तर 'व्हेरी फ्यू प्लेअर्स आर ॲज गुड ॲज...' असं सुरू करा. बेस्टनंतर 'दॅन' कधीच नाही, 'दॅन' हवं तर बेटर घ्या, आणि त्यासोबत 'एनी अदर' लिहा. 'अदर' गाळलं तर खेळाडू स्वतःपेक्षाही चांगला ठरतो. तिसरं, दोघांतच तुलना असेल तर 'द बेटर ऑफ द टू'. बोलताना इंग्रजसुद्धा दोघांना बेस्ट म्हणून जातात, पण तुम्ही परीक्षेत म्हणू नका.

दुसरा प्रश्न अनुस्वार यांच्याकडे.

अनुस्वार

बेहतर आणि बेटर हा योगायोग आहे, आणि असला की शास्त्रज्ञसुद्धा दचकावेत. दोन्हींचा अर्थ तोच, आवाज जवळपास तोच, पण मुळं वेगळी. फारसीत 'बेह' म्हणजे चांगला, त्याला 'तर' लागला. हा 'तर' मात्र आपल्या लघुतर-मधल्या 'तर'चा सख्खा भाऊ. 'बेह' हा अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातल्या 'वह्यह्' या जुन्या रूपापासून आला, आणि त्याचा तमभाव 'वहिश्त', म्हणजे सर्वांत चांगले. तिथून फारसी 'बहिश्त' म्हणजे स्वर्ग. गझला ऐकणाऱ्यांनी शंभरदा ऐकला असेल. आणि 'वहिश्त'चं संस्कृत रूप कोणतं? वसिष्ठ. रामाचे गुरू आणि फारसी स्वर्ग हे एकच विशेषण आहे.

बेटर-बेस्टचं मूळ या सगळ्यापासून दूर, जर्मानिक घरात. गोंदियाच्या सरांना दोष देऊ नका. एवढा जवळचा चेहरा पाहून कुणीही नातं लावेल.

धंतोली_सीए

वसिष्ठ म्हणजे बेस्ट! अनुस्वार, आजवरचा तुमचा सगळ्यांत... थांबतो. हा प्रतिसाद आवडला.

मिहानी

एक राहिलं. ऑफिसच्या बुद्धिबळ स्पर्धेची मेल होती, 'शी बेस्टेड हिम इन ट्वेंटी मूव्ह्ज'. बेस्ट क्रियापदही आहे?

मानेवाड्याचे मास्तर

आहे. 'टु बेस्ट समवन' म्हणजे त्याला हरवणं, त्याच्यावर मात करणं. आता खरी चक्कर: 'टु वर्स्ट समवन' याचाही अर्थ हरवणं. चांगल्याच्या टोकाला जा की वाईटाच्या, समोरचा पडतोच. एकात जिंकणाऱ्याकडून पाहिलंय, दुसऱ्यात हरणाऱ्याकडून. वर्स्टेड आता पुस्तकी झालं, बातम्यांत बेस्टेडच दिसतं. आणि 'टु बेटर' म्हणजे सुधारणं, यात कुणी हरत नाही.

काळ्या_फळ्यावरून

माझ्या यजमानांच्या जुन्या सुटाच्या लेबलवर 'वर्स्टेड वूल' असं आहे. हरलेली लोकर?

अनुस्वार

नाही हो. ते इंग्लंडमधल्या नॉरफकमधल्या वर्स्टेड गावाचं नाव, तिथे ते सूत व्हायचं. स्पेलिंग हरलेल्याचं, उच्चार साधारण 'वुस्टिड'. वर्स्टशी संबंध नाही.

नवीन_सभासद_गोंदिया

मास्तर, हे बेस्टेड-वर्स्टेड रेल्वेच्या पेपरात येतं का?

मानेवाड्याचे मास्तर

क्वचित. 'वन ऑफ द बेस्ट' दरवर्षी येतं. ते आधी पक्कं करा.